बदलीवर गेलेला वास्तुपुरुष

धरमपेठेत ‘ढोबळ्यांचं घर कुठं’ असं विचारलं, की सांगणारा आधी हसून घ्यायचा. मग म्हणायचा, "म्हंजे माचीस नं? सरळ जा. जे घर रस्त्यावर रुसून बसल्यासारखं दिसन, तेच."

घर होतंच तसं. कौल नाही, कमान नाही, खांब नाही. चपटं छप्पर, सरळसोट भिंती, जिन्याच्या भिंतीत एक भलीमोठी गोल खिडकी, आणि दारावर, खाली मोटार उभी राहील एवढा लांब पुढं आलेला स्लॅब, ज्याला खालून कशाचाही टेकू नाही. नागपूर मध्यप्रांताची राजधानी होतं तेव्हा सचिवालयातल्या एका साहेबांनी परदेशात शिकून आलेल्या तरुण आर्किटेक्टकडून ते बांधून घेतलं होतं. त्या पोरानं पश्चिमेचं ऊन चुकवायला अख्खं घर प्लॉटवर तिरपं बसवलं. शेजारी म्हणाले, नकाशा भांग पिऊन काढला काय! साहेब राहायला आले, आणि बूड टेकतंय न टेकतंय तोच राज्य बदललं. राजधानी मुंबईला गेली, तिच्यामागून साहेबही गेले. घर घेतलं नत्थूजी ढोबळ्यांनी. हे कळमेश्वरकडचे संत्र्याचे व्यापारी. त्यांना नकाशातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सिमेंट खरं आहे एवढं कळलं.

मात्र त्या बिनखांबी स्लॅबवर नत्थूजींचा मरेपर्यंत विश्वास बसला नाही. "जो खांब दिसत नाही, त्याच्यावर मी काहून भरोसा ठेवू?" म्हणत ते भर पावसातही बाजूच्या झाडांमधून वाट काढत घरात शिरायचे. एकोणीसशे एकोणसाठ साली मुलाचं, मारोतरावांचं, लग्न झालं तेव्हा नवरीलाही त्यांनी तिथूनच आत नेलं. पारशिवनीकडच्या खेड्यातून आलेली पुष्पलता शालूत मोगऱ्याच्या काटक्या अडकवत सासरी दाखल झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाऊन ती केस झटकायला नेमकी त्या स्लॅबखाली मधोमध जाऊन उभी राहिली. घरातून सासरे ओरडले, शेजारून कोणीतरी ओरडलं. पुष्पलतानं वर पाहिलं, स्लॅबनं खाली पाहिलं, काही झालं नाही. त्या दिवसापासून त्या दोघांचं जमलं.

तसं पाहिलं तर तिला ते घर लगेच आवडलं असं नाही. मातीच्या घरात वाढलेली मुलगी. कोपऱ्यांना ऊब नाही, भिंतीला कोनाडा नाही, दिवा ठेवावा कुठं? पण पहिला उन्हाळा आला. अख्खं नागपूर वाळ्याच्या ताट्यांना पाणी मारत होतं, आणि माचिशीत मात्र दुपारी वारा खेळत होता. आपल्याला हसणाऱ्या लोकांपेक्षा हे घर शहाणं आहे, हे तिच्या ध्यानात आलं. मग ती पाण्यात जरासं घासलेट टाकून त्याची हिरवी-पांढरी मोझॅक फरशी अशी पुसायची, की वाकून पाहिलं तर आपलं तोंड दिसावं.

आता स्वयंपाकघराचं सांगायला पाहिजे, कारण सगळी गोम तिथंच आहे.

बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये आर्किटेक्टनं पुरी भिंत घातलीच नव्हती. कमरेएवढी भिंत, आणि तिच्यावर छतापर्यंत सिमेंटची जाळी. वारा समोरून बैठकीत, बैठकीतून जाळीत आणि जाळीतून मागच्या अंगणात निघून जायचा. त्या भिंतीला लागूनच उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा होता. वस्तीतला असा पहिलाच. पुष्पलताची सासू जिजाबाई त्या ओट्यावर स्टूल लावून चढायची आणि वर मांडी घालून, पुढ्यात शेगडी घेऊन पोळ्या लाटायची. देवळातल्या मूर्तीसारखी. बायका मुद्दाम पाहायला यायच्या आणि घरी जाऊन पोट धरून हसायच्या. ‘ढोबळीण ओट्यावर चढते’ ही म्हणच झाली होती त्या गल्लीत.

पुष्पलता आली आणि ओट्यापुढे उभी राहिली. पुढे वर्षा-दोन वर्षांत जिजाबाई ‘संत्र्याच्या बगिच्याकडं कोणी पाहावं’ म्हणून गावी निघून गेली. सासूसुनेचं पटत नव्हतं, असं लोक म्हणाले. लोकांचं अगदीच चुकलं नव्हतं.

तर पुष्पलता ओट्यापाशी, आणि जाळीपलीकडे बैठकीत मारोतराव. संत्र्याचा सगळा व्यवहार बैठकीतच व्हायचा. कोणाच्या बगिच्याचं फळ झाडावर असतानाच उचलायचं, कोणाला नाही म्हणायचं, कोणाला लटकवत ठेवायचं. पुष्पलताच्या कानाला दारं नव्हती. एकदा पारशिवनीकडचा एक माणूस आपला बगिचा विकायला आला. झाडं कशी, फळ कसं, पाणी कसं, सगळं गोडगोड सांगत होता. मारोतराव हो म्हणणार, तेवढ्यात आत सांडशी ओट्यावर खणकन आपटली. ती विहीर फाल्गुनात कोरडी पडते हे पुष्पलताला लहानपणापासून ठाऊक होतं. मारोतराव दचकले, खाकरले आणि म्हणाले, "विचार करून सांगतो भाऊ."

तेव्हापासून हे चालू झालं. सांडशी वाजली की नाही. वाजली नाही की हो. बाजारात मारोतरावांचं नाव झालं. "ढोबळ्यांचं डोकं म्हंजे डोकं! एकदम हो म्हणत नाही, थांबते, कायतरी आतून ऐकल्यावानी करते, मंग बोलते." मारोतराव मान हलवून ही स्तुती पदरात पाडून घ्यायचे. आणि यातली गंमत अशी, की त्या दोघांमध्ये या गोष्टीचा एका शब्दानं कधी उच्चार झाला नाही. मारोतराव नेहमी जाळीकडे पाठ करूनच बसायचे. जसं काही तिथं कोणी नाहीच. पुष्पलतालाही त्याचं काही वाटत नव्हतं. बाहेर नाव नवऱ्याचं, आत हुकूम आपला. बाईला आणखी काय पाहिजे, असं तिचं साधं गणित होतं.

एकोणीसशे ब्याऐंशीच्या पावसाळ्यात छत गळायला लागलं. जाळीचे दोन-चार तुकडे आधीच निखळले होते, बाहेरचा गिलावा पापुद्र्यांनी सुटला होता. घराला दुरुस्ती पाहिजे होती यात वाद नव्हता. त्यातच मुलगा विलास वीज मंडळात इंजिनिअर झालेला, मौद्याच्या वामनरावांकडून मुलीचं सांगून आलेलं, आणि थंडीत ती मंडळी घर पाहायला येणार असं ठरलेलं. मारोतरावांना एकदम आपलं घर जुनाट दिसायला लागलं. त्यांनी गोपाळराव कंत्राटदाराला बोलावलं.

गोपाळराव हा त्या काळचा चलतीचा माणूस. मागच्या गल्लीत त्यानं एका डॉक्टरचं घर असं सजवलं होतं, की समोर कमानी, कमानींना वेली, वेलींना सिमेंटची द्राक्षं, आणि सगळ्यात वर पंख पसरलेला सिमेंटचा गरुड. लोक सायकली थांबवून पाहायचे.

"भाऊ, तुमचं घर मजबूत हाय, पन त्याले चेहराच नाही," गोपाळराव म्हणाला. "समोर चार खांब देऊ. वर कमान. हे गोल खिडकी बिलकुल बंद. फरशीवर नवीन टाइल्स. अन् गरुड मी माझ्याकडून देतो, प्रेमानं."

"अन् हे?" मारोतरावांनी पाठ न वळवता अंगठ्यानं मागची जाळी दाखवली.

"हे तं पहिले बुजवा. पाहुणा बैठकीत बसला का त्याले तुमची भांडी दिसतात. आजकाल कोणी असं ठेवते काय?"

"होय नं," मारोतराव म्हणाले, आणि जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले.

भांड्यांचं निमित्त होतं हे पुष्पलताला तिथल्या तिथं कळलं. मारोतरावांना भीती होती सांडशीची. नवा व्याही चतुर माणूस. बसल्या बैठकीत त्याच्या ध्यानात आलं, की ढोबळ्यांचं डोकं भिंतीपलीकडे राहतं, तर काय इज्जत राहील?

दुसऱ्या दिवशी गोपाळरावानं नमुना म्हणून जाळीला प्लायवूडचा तक्ता लावून दाखवला. बैठकीत दोघे जण त्या तक्त्याचं कौतुक करत होते, आणि पलीकडे पुष्पलताला नुसतं गुंगुं ऐकू येत होतं. माणसं बोलतात एवढं कळायचं, काय बोलतात ते कळत नव्हतं. तिनं पोळी तव्यावर टाकली आणि ती करपेपर्यंत तशीच उभी राहिली. आपल्याला कोणी घराबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं, असं तिला वाटलं. ती रडली. मग नाक पुसलं, करपलेली पोळी बाजूला काढली आणि विचार करायला लागली. भांडून उपयोग नव्हता. भांडायचं तर सांडशीचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते नाव घेतलं असतं तर नवऱ्यानं जाळीच काय, खिडक्याही बुजवल्या असत्या.

गोपाळरावाची माणसं आधी समोरच्या खांबांचे खड्डे खणायला आली. पाहतात तो स्लॅबखाली कोपऱ्यात रांगोळी, रांगोळीवर पाट, पाटावर वरण-भात, त्यावर तूप, बाजूला उदबत्ती. आणि पुष्पलता डोक्यावरून पदर घेऊन हात जोडून बसलेली.

"काय हाय वं हे?" मारोतराव बाहेर आले.

"वास्तुपुरुष," ती म्हणाली. "आज अमावस्या नाही काय? निवद दाखवून राहिली."

वास्तुशांतीला जो छोटा वास्तुपुरुष जमिनीत पुरतात, त्याला सणावाराला नैवेद्य दाखवतात, आणि त्याच्या अंगावर कुदळ पडू देत नाहीत. हे कोणाला सांगावं लागत नाही. मजुरांनी कुदळी खाली ठेवल्या, चपला काढल्या आणि लांबूनच नमस्कार केला. गोपाळरावानंही केला. माणूस गरुडवाला असला तरी धार्मिक होता.

"इतके साल कधी दिसला नाही तुहा निवद," मारोतराव म्हणाले.

"तुम्ही कधी अमावस्येले घरी राहता का?" पुष्पलता म्हणाली. हे खरं होतं. अमावस्येच्या मुहूर्तावर ते बगिचा बघायला जात, कारण त्या दिवशी दुसरे व्यापारी जात नाहीत.

समोरचे खांब टळले. इथपर्यंत ठीक होतं. पण हाताला यश आलं की माणूस सोकावतो. गोपाळराव गोल खिडकी बुजवायला गेला, तर खिडकीखाली जिन्यात पाट. फरशी फोडायला गेला, तर बैठकीच्या मधोमध पाट. आणि शेवटी जाळीला हात घालायला आला, तर ओट्याखाली पाट, वरण-भात, तूप.

मारोतराव कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"काय वं, हा वास्तुपुरुष हाय का सरकारी कारकून? परवा समोर होता, काल जिन्यात, आज सैपाकघरात. इथून याची बदली कुठं होणार हाय? मुंबईले?"

मजूर हसले. गोपाळरावही हसला. पुष्पलताचं तोंड एवढंसं झालं. खोटं बोलावं, पण एका जागी बोलावं, हे तिला उशिरा कळलं. तरी तिनं नेट धरला. "तुमच्या घराच्या दिशाच कोणाले समजत नाहीत, त्याले मी काय करू?"

त्यात मात्र तथ्य होतं. वास्तुपुरुष आग्नेय कोपऱ्यात असतो, असं गोपाळराव म्हणाला, पण घर तिरपं. आग्नेय कोपरा म्हणजे घराचा कोपरा धरावा की प्लॉटचा? एक मजूर सूर्याकडे पाहून एकीकडे बोट दाखवायचा, दुसरा रस्त्याकडे पाहून दुसरीकडे. गोपाळराव अंगणात हात पसरून गरागरा फिरला आणि त्याला घेरी आली.

"बस झालं," मारोतराव म्हणाले. "मायले आणतो. घर घेतलं तवा पूजेले तेच बसली होती. तिले मालूम असन."

सासू आली की संपलंच. जिजाबाईनं आजवर सुनेच्या कोणत्या भाजीला बरं म्हटलं नव्हतं. ती या खोट्याला काय बरं म्हणणार? त्या दिवशी संध्याकाळी पुष्पलतानं जाळीवरून हात फिरवला. इतक्या वर्षांचा फोडणीचा चिकट थर होता, तो ओल्या फडक्यानं पुसून काढला. जाणाऱ्या माणसाला आंघोळ घालावी तशी.

जिजाबाई आली. पाठीत वाकलेली, पण आवाज तसाच. तिनं चहा घेतला, चहात साखर कमी आहे म्हणाली, आणि काठी टेकत सगळं घर हिंडून आली. मागून मारोतराव, गोपाळराव आणि सगळ्यात मागे जीव मुठीत धरून पुष्पलता. स्लॅबखाली थांबली, काही बोलली नाही. जिन्यात थांबली, काही बोलली नाही. स्वयंपाकघरात आल्यावर म्हणाली, "मारोती, मले वर बसव गा."

"कुठं?"

"ओट्यावर. आनखी कुठं?"

मारोतरावांनी आईला उचलून ओट्यावर बसवलं. तिनं मांडी घातली, खांदा जाळीला टेकवला आणि डोळे मिटले. गोपाळरावाला वाटलं, आता अंगात येतं. त्यानं टोपी नीट केली.

"इथंच हाय तो," जिजाबाई डोळे मिटूनच म्हणाली. "या जाळीच्या बुडाशी. याले जो हात लावन, त्याचं वाटोळं होईन."

"अन् ते समोरचं, जिन्यातलं?" मारोतरावांनी विचारलं.

"ते याचे हातपाय असतीन. येवढ्या मोठ्या घराचा पुरुष का बोटायेवढा राहीन? जसं हाय तसंच ठेव बापा सगळं. गळते तेवढं बुजव."

गोपाळरावानं कानाच्या पाळ्या धरल्या. मारोतराव आईकडे पाहत राहिले, मग बायकोकडे पाहिलं, आणि बाहेर गेले. आईच्या शब्दापुढे जायची त्यांची शामत नव्हती.

दोघीच राहिल्या. पुष्पलता ओट्याजवळ सरकली. "आत्याबाई, तुम्हाले खरंच मालूम होतं? तो इथंच हाय म्हणून?"

"मले काय घंटा मालूम," जिजाबाई म्हणाली. "वास्तुशांत त्या साहेबानं केली का नाही, त्याचाच पत्ता नाही. आपुन तं निसता सत्यनारायण केला होता."

"मंग काहून सांगितलं?"

जिजाबाईनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं कच्च्या भाकरीकडे पाहावं.

"मी का येडी होती, म्हणून या ओट्यावर चढून बसे? खाली बसलं का निसती भिंत दिसे. उभं राहिलं का बाई दिसते, अन् बाई दिसली का माणसं आवाज कमी करतात. इथं असं शेगडी घेऊन बसलं, खांदा टेकवला, का येडी समजून कोणी ध्यान देत नव्हतं अन् मले सारं ऐकू येत होतं. गावाले हासू दे. हासणाऱ्याले का मालूम, नत्थूजीचा सौदा कोण ठरवत होतं ते."

पुष्पलता आ वासून ऐकत राहिली.

"तू आली," जिजाबाई म्हणाली, "अन् इथं उभी राहिली. ओटा एक, बाया दोन. मंग मी गावाले गेली." तिनं जाळीतून बैठकीकडे पाहिलं. "लय राग आला होता तुहा. आता तुही सून येईन. तवा समजन तुले." मग म्हणाली, "उतरव मले आता. कंबर गेली."

पुष्पलतानं सासूला दोन्ही हातांनी धरून खाली उतरवलं. इतक्या वर्षांत त्या दोघींनी एकमेकींना पहिल्यांदाच असं धरलं होतं, आणि पुष्पलताचे डोळे भरून आले. जिजाबाई म्हणाली, "रडू नको, भाजीत पाणी पडन. तशीही पातळच करतं तू."

मग काम सुरू झालं ते मात्र मनापासून. छतावर विटांच्या तुकड्यांचा कोबा बसला, गळती थांबली. शाबूत जाळीवरून गोपाळरावानं साचा करून घेतला आणि निखळलेले तुकडे पुन्हा ओतले. पहिली खेप जाड झाली, दुसरी वाकडी आली, पुष्पलतानं दोन्ही परत केल्या. "वास्तुपुरुषाले चालणार नाही," एवढंच ती म्हणायची, आणि गोपाळराव निमूट पुन्हा ओतायचा. फरशीवर घासाईचं मशीन फिरलं, तेव्हा तिचा हिरवा रंग असा वर आला, की गोपाळराव स्वतःच उकिडवा बसून हात फिरवत राहिला. भिंतींना मूळचा पांढरा रंग, गोल खिडकीला नवी काच. गरुड तयार होऊन आलाच होता आणि तो प्रेमाचा होता, त्यामुळे परत देववेना. त्याला मागच्या पाण्याच्या टाकीवर, शेजाऱ्याच्या भिंतीकडे तोंड करून बसवलं. शेजारी अजूनही ढोबळ्यांशी नीट बोलत नाहीत.

थंडीत मौद्याची मंडळी आली. वामनराव, दोन-तीन मोठी माणसं, मुलीची मावशी सिंधूताई, आणि स्वतः मुलगी, देवकी. मुलीनं सासरचं घर पाहायला यायची रीत नव्हती, पण ती नागपुरातच होस्टेलवर राहून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, आणि मावशी म्हणाली चल, म्हणून आली. मारोतरावांना ते खटकलं, पण बोलले नाहीत. वामनरावांनी स्लॅबखाली उभं राहून वर पाहिलं आणि "वा, काय निघालं हो घर!" म्हणाले. मारोतरावांची छाती फुगली. "आमचं पहिलेपासून असंच हाय," ते म्हणाले. "आम्ही काही बदलू दिलं नाही."

पुरुष बैठकीत बसले. मावशी विलासबरोबर गच्ची पाहायला गेली. देवकी सरळ स्वयंपाकघरात आली, पदर खोचला आणि चहाचे कप पुसायला घेतले. पुष्पलता ओट्यापाशी उभी होती, ही तिच्या शेजारी उभी राहिली. ओटा एक, बाया दोन. पुष्पलताच्या मनात सासूचं बोलणं टोचलं. एवढा खटाटोप करून जाळी वाचवली ती या पोरीसाठी काय? उद्या ही इथं उभी राहील आणि आपल्याला गावी बगिच्याकडे पाहायला जावं लागेल. तिला त्या पोरीचा, काही एक कारण नसताना, राग आला.

बैठकीत बोलणं रंगात आलं होतं. मारोतराव नेहमीप्रमाणे जाळीकडे पाठ करून बसले होते.

"मंग फाल्गुनातच उरकून टाकू," ते म्हणाले. "त्याच्यानंतर माहा सीझन राहते."

"फाल्गुनात पोरीचा अभ्यास राहीन," वामनराव जरा चाचरत म्हणाले. "चैत्रात परीक्षा हाय तिची."

"परीक्षेचं का घेऊन बसले? जमली तं देईन, नाही तं नाही. शेवटी तवाच हाती घ्यायचा हाय नं?"

वामनराव मुलीचे बाप होते. ते हसले, आणि मुलीचे बाप हसतात तसंच हसले. "ते बी खरंच हाय," म्हणाले.

पुष्पलतानं सांडशी उचलली. तिच्या शेजारी देवकीच्या हातातला कप थांबला होता. मारोतरावांची पाठ ताठ झाली होती. ते ऐकत होते, आत काय होतं ते. सांडशी आता खाली येणार, एवढ्यात देवकी जाळीकडे तोंड करून, ना मोठ्यानं ना हळू, जसं समोरच्या माणसाशी बोलावं तसं बोलली.

"काका, फाल्गुनात नको. मी परीक्षा देणार आहे."

बैठक गार पडली. एक कप बशीत वाजला. वामनराव मान खाली घालून बसले. त्यांचे कान लाल झाले होते. सोयरीक इथंच मोडली, असं सगळ्यांच्या मनात आलं. मारोतराव अजूनही मागे वळले नव्हते. त्यांची पाठ तशीच ताठ होती. ते वाट पाहत होते.

पुष्पलता त्या पाठीकडे पाहत राहिली. लग्न होऊन आल्यापासून पाहिलेली पाठ. मग तिनं शेजारच्या पोरीकडे पाहिलं. तिचं तोंड अजून जाळीकडेच होतं. पुष्पलताचा राग कुठल्या कुठं गेला. त्याच्या जागी जे आलं, त्यात अर्धी लाज होती आणि अर्धा आनंद. जाळीला भोकं दोन्ही बाजूंनी असतात. ही गोष्ट रोज डोळ्यांपुढे होती. तिनंच ती जाळी पुसली होती, तिच्यासाठी वास्तुपुरुष नाचवला होता, सासूनं तिलाच खांदा टेकवला होता. दोघींपैकी एकीलाही सुचलं नव्हतं.

तिनं सांडशी ओट्यावर ठेवली. हळूच, आवाज न करता.

"पोरगी बरोबर बोलून राहिली," ती जाळीतून म्हणाली. स्वतःचा आवाज बैठकीत गेलेला तिला पहिल्यांदाच ऐकू आला, आणि तो चांगला मोठा होता. "परीक्षा होऊ द्या. वैशाखात करू. अन् तुमचा सीझन म्हणता तं वैशाखात तुम्ही रिकामेच राहता, मले मालूम हाय."

मारोतराव वळले. खुर्चीसकट वळले. जाळीच्या पलीकडे त्यांची बायको उभी होती, आणि ती त्यांच्याकडेच पाहत होती. त्यांनी वामनरावांकडे पाहिलं, पुन्हा बायकोकडे पाहिलं.

"वैशाखात तारीख कोणती धरा म्हणतं मंग?" ते म्हणाले.

"थांबा. तिथं येऊन सांगते."

"बाई, दूध ठेवलं आहे गॅसवर," देवकी हळूच म्हणाली.

"तू पाय," पुष्पलता म्हणाली. हात पदराला पुसले, भिंतीला वळसा घालून बैठकीत आली आणि मारोतरावांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसली. वामनराव अर्धे उठून पुन्हा बसले. पंचांग कोणाकडे आहे, असं तिनं विचारलं.

जाळीपलीकडे देवकी दुधाकडे पाहायचं सोडून कान देऊन बैठकीतलं बोलणं ऐकत होती. दूध उतू गेलं. वास बैठकभर पसरला, सगळ्यांनी पुष्पलताकडे पाहिलं. ती उठली नाही.